सहा फ्रिजांची कम्युनिटी

"अगं ए, फ्रिज उचल! फ्रिज! ती माणसं नळाच्या वळणाला लागली!"

कोपऱ्यावरची शेजारीण, आमची कोपरेवाली, तिच्या उंबऱ्यात उभी राहून असं काही किंचाळली, की आमची घाटकोपरची टेकडी त्या दिवशी वीतभर तरी खचली असणार. फ्रिजच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला गल्लीतल्या तिघी, आणि मध्ये आमच्या सासूबाई. त्यांनी फ्रिजला मिठी मारली होती.

"माझो फ्रिज खंय नेतंस गो? मी अजून जिती आसंय!"

"आई, सोडा. तासाभराचा प्रश्न आहे. इंग्रजीसाठी नेतोय."

"इंग्रजीक फ्रिज कित्याक लागता?"

प्रश्न बिनतोड होता. पण उत्तर द्यायला वेळ नव्हता. आम्ही सासूबाईंसकट फ्रिज उचलला, दारापर्यंत आणला, तिथे त्यांना अलगद खाली ठेवलं आणि फ्रिज घेऊन पळालो.

तर इंग्रजीला फ्रिज का लागतो, ते सांगते.

मी एका खासगी हॉस्पिटलात मावशी आहे. मावशी म्हणजे जिला सगळे मजले एकाच वेळी हाक मारतात ती. सतरा वर्षं मी ट्रॉल्या ढकलल्या, बेडपॅन उचलले, लिफ्ट बंद असली की रॅम्पवरून माणसं वर नेली. मी ढकललेल्या ट्रॉल्या एकीपुढे एक लावल्या तर मुलुंडला वळसा घालून परत येतील. त्यात गुडघे गेले. जिना चढायला लागले की दुसऱ्या मजल्यावरचे पेशंट उठून बसायचे, त्यांना वाटायचं कुणीतरी खलबत्त्यात सुंठ कुटतंय. एकदा हाडांचे मोठे डॉक्टर राउंड घेता घेता थबकले. "कसला आवाज हा?" "माझा, सर." "बाप रे," म्हणाले, आणि लिफ्टमध्ये शिरले.

अशात तळमजल्यावरच्या चौकशीच्या काउंटरवरची मुलगी लग्न करून बडोद्याला जाणार अशी बातमी आली. म्हणजे तिची खुर्ची रिकामी होणार. तुम्ही ती खुर्ची पाहिलेली नाही. चाकांची, काळी, पाठ टेकली की आपल्याबरोबर मागे झुकणारी. एका दुपारी काउंटर पुसायच्या निमित्ताने मी तिच्यावर मोजून अर्धं मिनिट बसले होते. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या गुडघ्यांनी सतरा वर्षांत पहिल्यांदा गप्प बसून दाखवलं.

आमच्या इन्चार्ज सिस्टरना मी सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "मावशी, तू तिथे शोभशील गं. तोंडाची पक्की आहेस. पण इंग्रजी पाहिजे. आणि येतं म्हणून चालणार नाही, कागद पाहिजे."

तो कागद मिळण्याची जागा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होती. बालवाडीच्या खोलीत एका संस्थेने बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला होता. ड्युटीवरून सुटून चार वाजता मी तिथे जायची. अकरा बाया सतरंजीवर, भिंतीवर हत्ती आणि ससे, आणि समोर मुलुंडहून येणारी टीचर. पोरगी गुणी. आमच्या पायऱ्या चढून आली की पाच मिनिटं तिला कुठलीच भाषा यायची नाही.

शिकवायची पद्धत अशी, की व्याकरण नाही, पाठांतर नाही, नुसत्या गप्पा. गप्पांचा विषय मात्र पुस्तिकेत छापलेला: गरिबी आणि आपला समुदाय. पहिला धडा पाण्याचा, दुसरा घराचा, तिसरा संडासाचा, चौथा जेवणाचा. प्रत्येकीने आपलं सांगायचं. जे सांगताना शब्द अडेल तो टीचर फळ्यावर लिहिणार. म्हणजे रोजच्या वापरातलं इंग्रजी आपोआप येणार.

आलंही. पण कसं आलं बघा. मला नळ इंग्रजीत आला तो कोरडा. छप्पर आलं ते गळकं. खिडकी आली ती नसलेली. संडास आला तो लांबचा आणि रांगेचा. एकेक वस्तू फळ्यावर यायची ती आधी आमच्याकडून काढून घेतलेली असायची. टीचर म्हणायची, "टेल मी, व्हॉट डू यू नॉट हॅव?" आणि आम्ही अकरा जणी बोटांवर मोजत बसायचो.

आता अकरा मराठी बायकांना एकत्र बसवून कुणाकडे काय नाही असं विचारलं, तर तिथे लिलाव सुरू होणारच. एक म्हणाली, "माय रूफ लीक." दुसरी लगेच, "माय रूफ मोर लीक." कोपरेवाली उठून उभी राहिली, "माय रूफ फ्लाय! फुल रूफ! गो टू विक्रोळी!" टीचरच्या डोळ्यांत पाणी. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "टीचर, माय हाऊस, नो रूफ. ओन्ली स्काय." कोपरेवालीने मला कोपर मारलं, "स्लॅब आहे गं तुझ्या घराला, लाज बाळग जरा." पण टीचर फळ्यावर 'स्काय' लिहीत होती.

त्या दिवसापासून मी वर्गात पहिली. वाक्य कुठलंही असो, मी त्याला वर नेऊन सोडायची. आणि चौथ्या धड्याला माझा घात झाला. टीचरने विचारलं, उरलेलं अन्न कसं ठेवता? मी म्हटलं, "नो फ्रिज, टीचर. इन अवर लेन, नो फ्रिज. फिश कम, फिश ईट, फिनिश."

बाकीच्या दहा जणी माझ्याकडे वळल्या. आमच्या गल्लीची एक रीत आहे. आत आम्ही एकमेकींच्या झिंज्या उपटू, पण बाहेरच्या माणसासमोर गल्लीचं तोंड एकच. एकीने बोललं की ते सगळ्यांनी बोललं. दहाही माना हलल्या. "नो फ्रिज," कोपरेवाली दात खाऊन म्हणाली, आणि बाहेर आल्यावर, "काल माझ्याकडून बर्फ कोण घेऊन गेलं गं, स्काय?"

पुढच्याच आठवड्यात टीचरने आनंदाने सांगितलं की संस्थेला मदत करणारे पाहुणे आमची गल्ली बघायला येणार. सर्टिफिकेट त्यांच्या भेटीनंतर. त्यांना खरीखुरी कम्युनिटी बघायची आहे.

म्हणून फ्रिज पळाला. माझा एकटीचा नव्हे, गल्लीतले पाच. सहावा कोपरेवालीचा स्वतःचा. तिचं घर सगळ्यात वर, तीन उंच पायऱ्या चढून, त्यामुळे तिथवर कुणी साहेब चढणार नाही असा आमचा हिशोब. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा फ्रिज, चार वॉशिंग मशीन आणि पालथे घातलेले टीव्ही असे कोंबले, की शेवटी दार लागेना म्हणून पडदा ओढला. तिचा नवरा आतच राहिला. त्याला दुपारपर्यंत बाहेर काढता आलं नाही.

पाहुणे आले. पाच जण, पायात पांढरे बूट. माझ्या घरात ते दाटीवाटीने उभे राहिले आणि छताकडे बघू लागले, कारण टीचरने त्यांना स्कायचं सांगितलं असावं. मी म्हटलं, "न्यू रूफ. लास्ट वीक. कम्युनिटी हेल्प." ते खूश. मी बोलत होते, ते मान हलवत होते, सगळं झकास चाललं होतं. आणि मला दिसलं की सासूबाई दारात नाहीत.

पाहुणे घरी आले आणि कोरडे गेले असं आमच्या घरात आजवर झालेलं नाही. मला इंग्रजीचं पडलं होतं, सासूबाईंना घरच्या अब्रूचं. "पावणे इले आणि तसेच जातले? ह्यां आमच्यात चलाचा नाय," असं पुटपुटत त्या काठी टेकत वर गेल्या होत्या, पडद्यातून हात घालून आमच्याच फ्रिजमधून कोकम सरबताचा जग काढून घेऊन आल्या होत्या. त्यांनी एकेका पाहुण्याच्या हातात पेला दिला. पेल्यांना बाहेरून दव सुटलेलं.

एक उंच साहेब एक घोट प्यायले, पेल्याकडे बघितलं, गालाला लावून बघितला. "बट इट्स चिल्ड!" म्हणाले. "हाऊ?"

टीचर माझ्याकडे बघायला लागली. गल्लीतल्या दहा जणी दारात उभ्या. माझ्या डोळ्यांसमोर काळी चाकांची खुर्ची हळूहळू मागे सरकत भिंतीपलीकडे गेली.

"कम्युनिटी, सर," मी म्हटलं.

"कम्युनिटी व्हॉट?"

"कम्युनिटी फ्रिज."

मग त्यांना तो कम्युनिटी फ्रिज बघायचाच होता. तिन्ही पायऱ्या चढले ते, एकेकाला वरून ओढून घ्यावं लागलं. मी पडदा सारला. सहा फ्रिज खांद्याला खांदा लावून उभे, लग्नातल्या ग्रुप फोटोसारखे, आणि त्यांच्या मागून कोपरेवालीचा नवरा नमस्कार करतोय.

"सिक्स फॅमिली, सिक्स फ्रिज, वन रूम," मी सांगितलं. "इन हाऊस, नो प्लेस. इन हाऊस ओन्ली पीपल."

"पण तुम्ही तर फ्रिज नाही म्हणाला होतात," टीचर हळूच म्हणाली.

"कुणा एकीचा नाहीच आहे, टीचर. कम्युनिटीचा आहे."

उंच साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. टीचरने माझा हात धरला. कोपरेवालीने दुसरा धरला आणि नखं रुतवली.

आमचा बेत होता की ते टेकडी उतरले रे उतरले की फ्रिज आपापल्या घरी. पण ते खाली पोचायच्या आतच टीचरचा मेसेज आला. पाहुणे भारावलेत, पुढच्या गुरुवारी आणखी येतील, कृपया सगळं आहे तसंच ठेवा. सर्टिफिकेटं सगळ्या भेटी संपल्यावर एकदम, कार्यक्रमात.

वाट लागली. पुढच्या गुरुवारी आले, त्याच्या पुढच्या गुरुवारी आले. जवळजवळ तीन महिने आमचे फ्रिज वर आणि आम्ही खाली. चमचाभर दही हवं असलं तरी तीन पायऱ्या, म्हणजे माझ्या गुडघ्यांना तीन डोंगर. कोपरेवाली तर टेकडीची राणी झाली. पडद्याच्या जागी तिने परत दार लावलं, दाराला कडी, कडीला वेळ.

"कोण?"

"मी गं. दूध घ्यायचंय."

"कुणाचं?"

"माझं! माझ्या फ्रिजमधलं!"

"एकीचा नाहीच आहे ना तो? कम्युनिटीचा आहे ना? मग थांब, कम्युनिटी आंघोळ करतेय."

तिचीही तऱ्हा बघवत नव्हती म्हणा. सहा फ्रिजांच्या पाठीची धग त्या खोलीत अशी, की तिचे पापड उन्हात न घालता वाळत. वर श्रावण आला. गल्लीतली निम्मी घरं श्रावण पाळणारी, निम्मी न पाळणारी. फ्रिज वेगवेगळे असले तरी खोली एकच, आणि सुक्या बोंबलांचा वास काही कुणाचं दार ओळखत नाही. सोमवारच्या उपवासाच्या खिचडीला बांगड्याचा वास लागला म्हणून दोघींचं असं भांडण जुंपलं, की खाली रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनी मीटर बंद करून ऐकलं. आणि गुरुवारी पाहुणे आले की त्याच दोघी फ्रिजसमोर एकमेकींच्या गळ्यात हात घालून उभ्या. "वी शेअर," एक म्हणायची. "व्हेरी शेअर," दुसरी.

घरी सासूबाई फ्रिजच्या जागी उरलेल्या रिकाम्या चौकोनात पाट टाकून बसायच्या आणि माझ्याकडे नुसत्या बघायच्या.

या सगळ्यात इंग्रजी जिथल्या तिथे अडकलं. पाहुण्यांच्या तयारीपायी वर्ग चौथ्या धड्यावरून हलेना. मी टीचरला म्हटलं, "टीचर, 'डॉक्टर आले नाहीत, बसा जरा' याला काय म्हणतात, ते शिकवा ना. 'डावीकडे वळा' शिकवा."

"ते पुढच्या लेव्हलला आहे, ताई. तुमची ही लेव्हल आधी नीट पूर्ण होऊ दे. गुरुवारी ते स्कायचं परत सांगा हं, फार छान सांगता."

मला वाईट कधी वाटलं सांगू? पाहुण्यांसमोर नाही. एका सकाळी पाणी आलं होतं, आमच्याकडे येतं ते एवढं जोरात, की बादली धरली तर हातातून सुटते. पिंप भरलं, हंडे भरले, खालचं वाहून दारात गेलं. मला वाटलं, चला, इथे कुणी नाही, हे इंग्रजीत म्हणून बघू. भरलेल्या पिंपासमोर उभी राहिले आणि तोंडातून आलं, "नो वॉटर." दुसरं काही येईना. नळ चालूच होता.

शेवटी कार्यक्रम झाला. हार, चहा, समोसे. अकरा सर्टिफिकेटं. वर एक चकचकीत पत्रक, त्यावर माझा फोटो, छातीवर हात, मागे सहा फ्रिज. टीचर म्हणाली, "ताई, नोकरीच्या अर्जाला हे पण जोडा. इम्प्रेशन पडतं." मी जोडलं. त्याच दिवशी आमचा फ्रिज घरी आला. सासूबाईंनी त्याला हळदीकुंकू लावलं आणि माझ्याशी बोलायला लागल्या.

दोन दिवसांनी हॉस्पिटलच्या सहाव्या मजल्यावर काउंटरच्या खुर्चीसाठी मुलाखत. सतरा वर्षांत मी त्या मजल्यावर फक्त लादी पुसायला गेले होते. नोकऱ्यांचं बघणारे साहेब वयाने माझ्या भाच्याएवढे. म्हणाले, "टेल मी अबाउट युवरसेल्फ."

हे मला येत होतं. मी सुटलेच. "माय कम्युनिटी इज व्हल्नरेबल बट व्हेरी स्ट्राँग," इथून जी निघाले ती रूफ, टॅप, फिश, शेअर करत सरळ पुढे. साहेबांचा चहा गार झाला.

"व्हेरी गुड," ते म्हणाले. "आता समजा, मी पेशंटचा नातेवाईक आहे. इंग्रजीत विचारतोय, रक्ताचा रिपोर्ट कुठे मिळेल. तुम्ही काउंटरवर आहात. काय सांगाल?"

उत्तर माझ्या पायांना पाठ होतं. सरळ जा, देवघरापाशी डावीकडे वळा, दुसऱ्या खिडकीवर नंबर घ्या, साडेचारनंतर मिळेल. हजार वेळा नाही, लाख वेळा सांगितलंय, मराठीत, हिंदीत, गुजरातीत, मुक्या माणसाला हातवाऱ्यांनी. इंग्रजीत मी तोंड उघडलं.

"सर... विंडो," मी म्हटलं. मला माहीत असलेली खिडकी एकच होती. "नो विंडो, सर."

साहेबांनी गार चहा बाजूला सारला.

"रिपोर्ट... फार. व्हेरी फार. बिग लाइन. वी शेअर."

ते हसले. वाईट नाही, चांगलंच हसले. अर्जाला जोडलेलं पत्रक त्यांनी वर काढलं. "हे तुम्हीच ना? मी कधीपासून बघतोय. मावशी, काउंटरला आम्हाला कुणीही मिळेल. आपली आरोग्य शिबिरं सुरू होतायत, टेकड्यांवरच्या वस्त्यांमधून. रोज घरोघरी जायचं, लोकांना बोलतं करायचं, तपासणीसाठी खाली घेऊन यायचं. तुमच्यासारखं माणूस मिळत नाही."

घाटकोपरच्या टेकड्यांना किती पायऱ्या आहेत ते मला विचारा. एरवी मी सांगितलं असतं, दहा लाख. त्या दिवशी आकडाच सुचला नाही. मी मराठीत बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द फुगवला नाही. म्हटलं, साहेब, मला चढता येत नाही. माझे गुडघे गेलेत, सिस्टरना विचारा, हाडांच्या डॉक्टरांना विचारा. ही कम्युनिटी-बिम्युनिटी काही नव्हती, आम्ही फ्रिज लपवले होते, सासूबाईंनी सरबत दिलं म्हणून पकडले गेलो. आमच्या घराला स्लॅब आहे. पाणी धो धो येतं. मला फक्त बसून करायचं काम पाहिजे. डावं-उजवं मी आठ दिवसांत शिकेन, कुणाकडूनही शिकेन.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग फाइल मिटली आणि कॉम्प्युटरकडे वळले.

"सोमवारी आठला गेटवर गाडी येईल," ते म्हणाले. "चपला नकोत, बूट घाला."